चौथं वर्तुळ

दुकानाच्या पाटीवर अजून 'शालेय तक्ते आणि नकाशे' असंच होतं, पण नकाशे बाबांनी केव्हाच बंद केले होते. सरहद्दी बदलतात आणि छापलेला गठ्ठा रद्दीत जातो. अणूचं तसं नाही, तो एकदा काढला की काढला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मागच्या खोलीत हृदय, फूल, बेडूक आणि अणू एवढेच उरले होते. त्यातही खपायचा तो अणूंचा. पहिल्या वीस मूलद्रव्यांचे वीस अणू. मधोमध लाल केंद्रक, भोवती काळी वर्तुळं, वर्तुळांवर निळे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन. वर-खाली लाकडी दांडी, पाठीला कापड, वरून वॉर्निश. शाळा बंद पडेल पण तक्ता टिकेल, असं बाबा गिऱ्हाइकाला सांगत, आणि दोन-तीन शाळांच्या बाबतीत ते खरंही ठरलं होतं.

मूळ चित्र बाबांच्या हातचं. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि शेजारी स्टुलावर बसून ब्रश धुवायचं काम तिच्याकडे होतं. छापून आलेला पहिला तक्ता तिच्या खाटेवरच्या भिंतीला लागला. बाकीची मुलं पाढे म्हणत तेव्हा ती हायड्रोजन एक, हेलियम दोन, लिथियम दोन-एक असं करत कॅल्शियमपर्यंत जायची. पाहुणे आले की बाबा तिला उभं करत. "विचारा. कुठलाही विचारा." पाहुणा बहुतेक वेळा ऑक्सिजन विचारायचा, कारण त्याला तेवढाच ठाऊक असायचा.

आता ती सदतीस वर्षांची होती, गल्ल्यावर बसत होती, आणि घरात काय, गल्लीत काय, तिला सगळे पोटॅशियमबाई म्हणत.

ते नाव काकाचं. काका तेव्हा बाबांच्याच दुकानात होता. बाविसाव्या वर्षी तिने एका मोठ्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षेत ती पहिली आली. मुलाखतीला टेबलामागे तिघं होते. मधल्यांनी विचारलं, पोटॅशियममध्ये इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात? घाबरल्यावर ती नेहमी करायची तेच तिने केलं. डोळे मिटले. खाटेवरची भिंत समोर आली.

"दोन, आठ, नऊ."

"पुन्हा सांगा."

"दोन, आठ, नऊ. एकूण एकोणीस."

"बेरीज येते तुम्हाला," ते म्हणाले. "मग पोटॅशियम पाण्यात टाकलं की पेट का घेतं, ते सांगा."

पेट घेतं हे तिला माहीत होतं. ज्योत जांभळट असते हेही माहीत होतं. पण का, ते तिच्या चित्रात कुठे दिसेना. पोटॅशियमच्या सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात एकटाच इलेक्ट्रॉन असतो, तो सहज सुटतो, म्हणून त्याच्या अंगात एवढी आग. तिच्या चित्रात मात्र बाहेर नऊ जण दाटीवाटीने बसले होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

"नऊच्या नऊ देऊन टाकतं की काय?" डाव्या बाजूचा म्हणाला, आणि मधले हसले.

पुस्तकात दोन-आठ-आठ-एक असं तिने वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. छापताना चुका होतात, हे छपाईच्या घरात वाढलेल्या मुलीला वेगळं सांगायला नको. बाबांचा हात मात्र चुकत नव्हता. शिवाय तो अणू तिच्यासमोर काढला गेला होता. पोटॅशियमला बाबांनी आधी चार वर्तुळं काढली होती. मग ते जरा वेळ बघत बसले, टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि चौथं वर्तुळ अलगद पुसून टाकलं. त्याच्यावरचा एकटा ठिपका तिसऱ्या वर्तुळावर नेऊन बसवला. "आता बरोबर झालं," ते म्हणाले. एवढं जपून काम करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

मुलाखतीहून ती रडत आली. बाबा खळ ढवळत होते, काका दांड्या कापत होता. तिने काही हातचं न राखता सांगितलं, पोटॅशियमसकट. बाबा म्हणाले, "जाऊ दे. आपलं दुकान आहे की." काकाने वातावरण हलकं करायला म्हणून "या, पोटॅशियमबाई, चहा घ्या" म्हटलं, आणि ते नाव चिकटलं.

आठवड्याभरात तिला सगळं उलगडलं. दुसरी पुस्तकं चाळली, तीही आठ-एकच म्हणत होती. म्हणजे चूक बाबांची होती. बाबा शाळेतून लवकर निघालेले, पुढचं सगळं त्यांनी स्वतः वाचून मिळवलेलं. एखादी गोष्ट अर्धी कळली असणार. तिने एकदाच विषय काढून पाहिला. "बाबा, अणूंचं मूळ चित्र एकदा तपासून घेऊ या का?" बाबा एकदम कडाडले, "त्याला हात लावायचा नाही!" तिला वाटलं, दुखऱ्या जागी बोट लागलं. मग तिने तोंड मिटून घेतलं. पुन्हा अर्ज करायचा तर आधी नऊ कुठून आले ते स्वतःपाशी तरी मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि बाबा कायम भिंतीपलीकडे असायचे. एक वर्ष गेलं, मग आई गेली, मग वयाची अट उलटली. घरात एकाला तर अडाणी ठरायचंच होतं. ती ठरली. पोटॅशियमबाई म्हटलं की ती हसायची सुद्धा.

पुढे भाऊ-भाऊ वेगळे झाले. काकाने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर दुकान थाटलं आणि हृदय, फूल, बेडूक, अणू असे चारही तक्ते काढले. बाबांनी बरीच वर्षं दात-ओठ खाल्ले आणि शेवटी शैक्षणिक साहित्य विक्रेत्यांच्या संघाकडे तक्रार केली. शाळांच्या मोठ्या मागण्या संघामार्फत यायच्या. चोरी सिद्ध झाली की सभासदत्व जाणार, आणि सभासदत्व गेलं की दुकानाला कुलूप. काकाचं ते झालेलं डोळ्यांनी बघायचं, एवढीच बाबांची इच्छा उरली होती.

सुनावणीच्या आदल्या दुपारी बाबा मूळ चित्राची गुंडाळी घेऊन गल्ल्यापाशी आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, जणू सुनावणी आजच.

"उद्या तुला बोलायचंय."

"मी काय बोलू?"

"जे पाहिलंस तेच. मी चौथं वर्तुळ पुसलं तेव्हा तू शेजारी होतीस ना? घरचाच साक्षीदार लागतो म्हणाले संघवाले."

तिचा हात गल्ल्याच्या खणावर तसाच राहिला. पंधरा वर्षं हा विषय निघाला नव्हता. तिनेच निघू दिला नव्हता.

"बाबा," ती हळू म्हणाली, "ते चुकलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कधी..."

"चुकलंय?" बाबा हसले. इतकं मोकळं हसताना तिने त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "अगं चुकवलंय! मुद्दाम! तेव्हा कुणीही उठावं आणि आपला तक्ता उतरवून घ्यावा अशी तऱ्हा होती. बेडूक सगळ्यांचा सारखा, अणू सगळ्यांचे सारखे. माझाच माल चोरलाय हे दाखवायचं कसं? म्हणून एक खोड ठेवून दिली. बेरीज एकोणीसच भरते, तपासणारा मोजतो आणि पुढे जातो. त्यात तिसऱ्या वर्तुळात अठरा मावतात असं पुस्तकच सांगतं, म्हणजे अर्धवट शिकलेल्याला नऊ खरेच वाटणार. आणि तुझ्या काकाने उतरवले! नऊच्या नऊ! काय गाढव आहे बघ."

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. तिने गल्ल्याचा खण लावून टाकला.

"मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. पोटॅशियम विचारलं म्हणून."

"आठवतं ना."

"तेव्हा बोलायचंत."

"तुला बोललो असतो तर तू काकाला बोलली असतीस. तुमचं दोघांचं तेव्हा गूळपीठ होतं. सगळा डाव फुटला असता." बाबांनी गुंडाळीवरची धूळ झटकली. "आणि बोलून तुझी मुलाखत पुन्हा होणार होती थोडीच?"

"शाळांमधली मुलं, बाबा. ती तोच बघतात."

"पोरं काय तक्त्यावरून शिकतात? तक्त्याने भिंतीचा पोपडा झाकतात. तुझ्या खाटेवर तरी मी कुठे लावला होता? तुझ्या आईने लावला. मी म्हटलंही होतं तिला, बेडकाचा लाव."

समोरच्या भिंतीवर दुसरा तक्ता टांगलेला होता, अणूची कल्पना कशी बदलत गेली त्याचा. हा कधी फारसा खपला नाही. आधी नुसती भरीव गोळी. मग कलिंगड आणि त्यात बियांसारखे इलेक्ट्रॉन. मग मधे इवलंसं केंद्रक आणि भोवती मोकळी जागा. मग ठरावीक वर्तुळं. शेवटी वर्तुळंही गेली आणि नुसता धूसर ढग राहिला.

बाबांनी त्याच्याकडे हनुवटी केली. "यातलं बरोबर कुठलं? एका शहाण्याने काढायचं, दुसऱ्याने येऊन खोडायचं. एवढे मोठे मोठे लोक चुकले ते चालतं, आणि माझा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर आभाळ कोसळलं?"

तिने तक्त्याकडे पाहिलं. कलिंगड काढणाऱ्याला अणू खरोखरच तसा वाटला होता. मधलं केंद्रक माहीत असून त्याने ते पुसलं नव्हतं. हे तिच्या ओठांवर आलं, पण बाबा तोवर घडी मोडू नये म्हणून शर्ट काढायला आत गेले होते.

संघाची कचेरी कागदाच्या गोदामावर होती. दुसऱ्या दिवशी बाबा पुढे चढून गेले आणि जिन्याच्या वळणावर काका उभा होता. केस पांढरे झाले होते, खोडकर डोळे तेवढे तसेच.

"काय पोटॅशियमबाई, दादाने म्हणे नऊ मुद्दाम ठेवले? माणूस खरा पोचलेला."

"तुला माहीत होतं ते चूक आहे?"

"मला?" काकाने आवाज खाली आणला. "तू रडत आलीस ना, त्याच संध्याकाळी मी तुझं पुस्तक काढून बघितलं. तू समासात प्रश्नचिन्ह केलं होतंस."

"मग तूही नऊच छापलेस?"

"पहिल्यांदा बरोबर करूनच छापले. शाळांनी परत पाठवले. जुन्या तक्त्याशी जुळत नाही म्हणे. मी माल विकायला बसलोय बाई, ज्ञान वाटायला नाही."

"मला सांगायचंस, काका."

"तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस. बापाची लाडकी तू." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता एक कर. दादाची नजरचूक झाली, एवढंच म्हण. त्याची चूक, मी त्याच्याच हाताखाली शिकलो, म्हणून तीच माझी. मग चोरी कुठे राहिली? तुझ्या काकूचं तरी बघ."

तिने त्याचा हात काढला नाही. तो आपोआप निघेपर्यंत ती थांबली आणि वर गेली.

खोलीत गोदामातला नव्या कागदाचा वास होता. टेबलामागे तिघं बसले होते. दारात पाऊल ठेवताना तिला ते पटकन जाणवलं: तिघं, आणि मधले जरा जाड. मधले अध्यक्ष, पृथ्वीचे गोल विकायचे. एका बाजूला सूक्ष्मदर्शकवाले, दुसऱ्या बाजूला खडू-फळ्यांचे व्यापारी. बाबांनी मूळ चित्र उलगडून खिडकीशी धरलं. उजेड आरपार आला तसं पोटॅशियमभोवती पुसलेल्या चौथ्या वर्तुळाचं फिकं कडं दिसलं. तिघांनी माना पुढे काढल्या.

"म्हणजे आधी बरोबर काढून मग चुकवलंत," अध्यक्ष म्हणाले. "आणि इतकी वर्षं चुकीचा तक्ता विकलात?"

"एक ठिपका हो, साहेब."

"ठिपक्याचं काय घेऊन बसलात," खडूवाले म्हणाले. "तुमच्या गोलावर अजून दोन देश आहेत जे कधीच बुडाले." सगळे हसले, अध्यक्षही. सूक्ष्मदर्शकवाल्यांनी चित्राला बोट लावून मान डोलावली. "डोकं आहे, बरं का! आम्हाला नसतं सुचलं." बाबा लाजल्यासारखे खाली बघू लागले. लेखी परीक्षेत ती पहिली आली तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

काकाने आपली नजरचुकीची गोष्ट सांगितली. ती फारशी कुणी ऐकली नाही. मग अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं.

"तुम्ही तेव्हा शेजारी होतात?"

"होते."

"काय पाहिलंत?"

तिने सांगितलं. चार वर्तुळं, कापूस, टर्पेंटाइन, उचललेला ठिपका. बाबा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

"पुसल्यावर काही म्हणाले?"

"म्हणाले, आता बरोबर झालं."

बाबांच्या ओठांवर हसू आलं. अध्यक्षही हसले. "म्हणजे स्वतःशीच गंमत."

"नाही," ती म्हणाली. "त्यांना तसंच वाटत होतं."

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"तिसऱ्या वर्तुळात अठरा मावतात एवढं त्यांनी वाचलं होतं. मग एक बाहेर कशाला, म्हणून आत घेतला. पुस्तकच चुकलंय असं त्यांना वाटलं. बाबा शाळेत फार गेले नाहीत. पोटॅशियम त्यांना येत नव्हतं." आवाज अगदी सरळ निघत होता, पंधरा वर्षं मनात घोटलेलं वाक्य होतं ते. "मी त्यांच्याकडूनच शिकले. म्हणून मलाही आलं नाही."

टेबलामागच्या तिघांपुढे ती दुसऱ्यांदा पोटॅशियमचं चुकीचं उत्तर देत होती. या वेळी बरोबर उत्तर तिला माहीत होतं.

"खोटं बोलतेय ही!" बाबा उभे राहिले. चित्राची दांडी खुर्चीवर आपटली. "मला येत होतं! तेव्हाही येत होतं! दोन, आठ, आठ, एक!"

"बसा, बसा. आता काय, सगळ्यांनाच यायला लागलंय."

"विचारा मला!" त्यांचा आवाज चिरकला. "विचारा! कुठलाही विचारा!"

मग अध्यक्ष, मनाने चांगला माणूस, म्हाताऱ्याची समजूत घालावी तसं म्हणाले, "बरं. ऑक्सिजन?"

"दोन, सहा," बाबा म्हणाले, आणि बसले.

निकाल तिथल्या तिथे लागला. दोघा भावांची एकाच ठिकाणाहून आलेली चूक, चोरी नव्हे. दोघांनीही पोटॅशियम दुरुस्त करावं, जुना माल विकू नये. काका जिन्यात तिच्याजवळ आला आणि "माझी गुणाची ती" म्हणाला. ती त्याच्याकडे न बघता उतरून गेली. बाबा आधीच रस्त्यावर पोचले होते. चित्राची गुंडाळी त्यांनी वरच ठेवली होती. ती तिलाच आणावी लागली.

पोटॅशियम तिने स्वतः दुरुस्त केलं. बाबांचाच ब्रश, बाबांचाच कंपास. चौथ्या वर्तुळाचं फिकं कडं अजून होतं, त्याच्यावरून काळी रेघ फिरवली की झालं. काम जेवायच्या आत संपलं. सुख होईल असं तिला वाटलं होतं. झालं, पण ते बाबांचा आवाज चिरकला तेवढ्यापुरतंच होतं आणि कचेरीतच संपलं होतं. आता तेही रोज थोडं थोडं आंबत होतं. बाबा दुकानात येत, बसत, तिच्याशी बोलत नसत. गल्लीत कुणीतरी त्यांना 'दोन-आठ-आठ-एक' म्हणायला सुरुवात केली होती. तिला आता कुणी पोटॅशियमबाई म्हणत नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला एक शिक्षक नवा तक्ता काखेत घेऊन आले.

"हा बदलून द्या. तुमचा नेहमीचा नाही हा. पोटॅशियम वेगळं आहे."

"आधीचं चुकलेलं होतं, सर. आता बरोबर केलंय."

"मला सांगताय? मी विज्ञानच शिकवतो," ते म्हणाले. "बरोबर आहे हो हे. मी कुठे नाही म्हणतोय? पण बाकीच्या वर्गांत जुने लागलेत. एका वर्गात नऊ, दुसऱ्यात आठ-एक. मुलं विचारत बसतात, तास वाया जातो."

"विचारू दे की."

"तुम्हाला म्हणायला काय जातंय, बाई? वर्गात तुम्ही कुठे उभ्या राहता?"

कोपऱ्यातून बाबा बोलले. सुनावणीनंतर पहिल्यांदाच, तिच्याकडे न बघता.

"माळ्यावर जुना गठ्ठा आहे."

ती उठली नाही. शिक्षक जरा थांबले, तक्ता गल्ल्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून समोर गेले. काकाने बाकाखालून एक गुंडाळी काढली, दांडीला धरून खाली सोडली आणि बोटाने काहीतरी दाखवलं. शिक्षकांनी समाधानाने मान हलवली.

"गेलं गिऱ्हाईक," बाबा म्हणाले.

ती परत आलेला तक्ता गुंडाळू लागली. वॉर्निश अजून पुरतं वाळलं नव्हतं, कागद कागदाला चिकटत होता. पोटॅशियमपाशी तिने बोटाने तो सोडवून घेतला.